संसारातील हिशेब : ‘संध्याकाळपर्यंत हा फ्लॅट राहणार नाही’



मागच्या महिन्यात नात्यातल्या एका नामकरणाला गेले होते. त्रिसरण-पंचशील झाले, बाळाचे नाव ठेवून झाले, जेवणाच्या पंगती बसल्या, आणि माझ्या भावाची थोरली मुलगी मला हळूच जिन्यात घेऊन गेली. पर्समधून तिने एक कागद काढला. वहीचे फाडलेले पान. त्यावर निळ्या शाईने लिहिलेले, ‘रु. १,००,००० टोकन मिळाले.’ खाली तारीख आणि एक सही. ती सही कोणाचीही असू शकली असती. इमारतीचे नाव नाही, मजला नाही, खोलीचा नंबर नाही, पैसे घेणाऱ्याचे पूर्ण नावसुद्धा नाही.

“आत्या, हे पैसे परत मिळतील का गं?”

मी लगेच काही बोलले नाही. एक लाख रुपये म्हणजे काय ते आपल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. जावई बसवर वाहक. साठ हजार त्याने पतपेढीतून उचलले होते. उरलेले चाळीस हजार हिच्या भिशीचे आणि दोन बांगड्यांचे. ही डबे करून देते, पहाटे चारला उठते. पोरगी मूर्ख नाही, बारावी झालेली आहे, रोजचा हिशेब वहीत लिहिते. तरीही असे कसे झाले, हा प्रश्न मला घरी येईपर्यंत छळत राहिला. त्यावरच आज लिहिते आहे.

ती सांगत होती, “रविवारी सकाळी अकराला गेलो. दलाल म्हणाला, ताई, सकाळपासून तीन पार्ट्या बघून गेल्या. एक तर चेक घेऊन येतो म्हणाला आहे. संध्याकाळपर्यंत हा फ्लॅट राहणार नाही. तेवढ्यात त्याला फोन आला, तो बाजूला जाऊन बोलला आणि परत येऊन म्हणाला, बघा, त्यांचाच होता. मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.”

तो फोन खरा होता की नाही, कोण जाणे. मुंबईच्या आसपास गिऱ्हाईक खरोखरच जास्त आहे आणि परवडणारी खोली खरोखरच कमी आहे, हे खोटे नाही. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीतून कुटुंब वाढले की माणूस कुर्ला, विक्रोळीकडे सरकला. तिथूनही भाडे परवडेना तेव्हा कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, नाहीतर नालासोपारा, विरार. प्रत्येक स्टेशनावर आपल्या आधी कोणीतरी उतरलेला असतोच. दलालाचे वाक्य चालते ते यामुळे. त्यात खऱ्याचा अंश असतो. पण घरात भाव चढला म्हणून होणारे नुकसान हजारांत किंवा फार तर दोन-चार लाखांत मोजता येते. घाईत चुकीची खोली घेतली तर आयुष्याची कमाई जाते. दोन्ही नुकसाने एकाच तागडीत घालायची नसतात. दलाल मात्र आपल्याला पहिलेच तेवढे दाखवतो.

भाचीच्या घाईला आणखी एक कारण होते आणि ते तिने शेवटी सांगितले, तेही मान खाली घालून. याआधी तिने दोन घरे पाहिली होती. पहिल्या ठिकाणी सौदा ठरला आणि चार दिवसांनी मालकाने दीड लाख वाढवून मागितले. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी चहा दिला, मुलांच्या शाळेची चौकशी केली, आणि मग विचारले, “तुमचं आडनाव काय म्हणालात?” आडनाव ऐकल्यावर “घरात विचारून कळवते” म्हणाल्या. नंतर फोन उचललाच नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा पारशी खानावळीतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले, ही हकीकत आपल्या घरातल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. आता कोणी लाठ्या घेऊन दारात येत नाही. फोन उचलत नाहीत, एवढेच.

अशा दोन ठिकाणांहून परत आलेल्या माणसाला तिसऱ्या ठिकाणी कोणी काहीच विचारले नाही की आभाळ ठेंगणे होते. आडनाव विचारले नाही. पगाराची स्लिप विचारली नाही. “बँकेची कटकट नको, आम्ही पाहून घेऊ” म्हणाले. भाचीला ही माणुसकी वाटली. माझे मत वेगळे आहे. जिथे तुम्हाला कुठलाच कागद मागत नाहीत, तिथे त्यांच्याकडेही दाखवायला कागद नसतो. बेकायदा इमारतीचा धंदा अशाच लोकांवर चालतो, ज्यांना इतर दारे बंद आहेत आणि ज्यांना आणखी एक नकार ऐकायचा नाही. आपल्या मनातल्या त्या दुखऱ्या जागेची किंमत लावूनच तो फ्लॅट विकला जातो. म्हणून आपल्या माणसाने इतरांपेक्षा दुप्पट सावध असायला हवे. हे अन्यायाचे आहे. पण आहे.

नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत काय झाले ते आठवून पाहा. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर एक्केचाळीस इमारती उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षे लोक राहिले, मुले मोठी झाली. उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही, आणि २०२४ च्या अखेरीस सुरू झालेली पाडापाडी फेब्रुवारी २०२५ पर्यंत चालली. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. जमीन कोणत्या कामासाठी राखीव आहे, ते शहराच्या विकास आराखड्यात लिहिलेले असते आणि तो आराखडा पालिकेत पाहायला मिळतो. तो पाहायचा असतो, हेच आपल्याला कोणी सांगत नाही.

अशा वेळी लोक म्हणतात, “आमच्याकडे घरपट्टीची पावती होती, लाइटचे बिल होते, आधार कार्डावर तोच पत्ता होता.” हे नीट समजून घ्या, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. घरपट्टी म्हणजे बांधकामावरचा कर. पालिका अनधिकृत बांधकामाकडूनही तो वसूल करते, वर दंडही लावते. त्या पावतीने इमारत कायदेशीर होत नाही. वीजबिलाने तुम्ही वीज वापरता एवढेच ठरते. आधारावरचा पत्ता म्हणजे तुम्ही तिथे राहता, जागा तुमची आहे असे नव्हे. विकणारा हे तीन कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून ऐटीत दाखवतो आणि आपण फाइल पाहूनच निम्मे विरघळतो.

मग कोणता कागद पाहायचा? जमीन कोणाची, हे सातबारा उताऱ्यावर किंवा शहरात मिळकत पत्रिकेवर दिसते. बांधायला परवानगी होती का, हे पालिकेच्या बांधकाम परवान्यावर आणि मंजूर नकाशावर. बांधून झाल्यावर राहायला परवानगी मिळाली का, हे भोगवटा प्रमाणपत्रावर, ज्याला सगळे ‘ओसी’ म्हणतात. या तिन्हींपैकी माझा सर्वांत जास्त भर मंजूर नकाशावर असतो. ओसी नसलेल्या इमारती आपल्याकडे ढिगाने आहेत आणि त्यांची कारणेही नाना तऱ्हेची असतात. पण नकाशातच नसलेला मजला कुठल्याही कारणाने नकाशात येत नाही.

आता कोणी म्हणेल, इतके कशाला, ‘रेरा’चा नंबर पाहिला की झाले. रेरा कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण २०१७ पासून काम करते. कायदा चांगला आहे. जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरे आठांपेक्षा जास्त असली, तर नवी इमारत नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. गिऱ्हाइकांकडून घेतलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याच बांधकामावर खर्च करावी लागते. किंमत जिन्याच्या आणि गच्चीच्या हिश्शासकट नव्हे, चटई क्षेत्रावर सांगावी लागते. दलालालाही नोंदणी घ्यावी लागते. हे सगळे खरे. पण कल्याण-डोंबिवलीत पासष्ट इमारतींच्या बाबतीत काय निघाले? पालिकेच्या परवानगीची बनावट कागदपत्रे जोडून रेराचा नंबरच मिळवलेला होता. गरिबांनी नंबर पाहून पैसे भरले, काहींना कर्जेही मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि रहिवाशांची झोप उडाली. म्हणून संकेतस्थळावर परवान्याचा जो क्रमांक आणि जी तारीख दिलेली असते, ती कागदावर उतरवून घ्यावी आणि त्या पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारावे की हा परवाना तुम्हीच दिला आहे का. तोंडी उत्तर देईनात तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. तीस दिवस म्हटले की दलाल हसतो. हसू द्यावे.

आम्ही हेच केले. एका सोमवारी जावयाने अर्धा दिवस रजा टाकली आणि आम्ही तिघे त्या पालिकेत गेलो. आधी दोन टेबलांवर फिरवले. तिसऱ्या टेबलावरचा माणूस भला निघाला. त्याने नोंद काढली आणि बोट ठेवले : तळमजला अधिक दोन मजले. भाचीने टोकन दिले होते ते चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी. तिने दोनदा विचारले, “साहेब, नीट बघा ना.” त्यांनी कागद आमच्याकडे फिरवला. जावई बाहेर येऊन बाकावर बसला, बराच वेळ काही बोलला नाही. मला त्या क्षणी त्याची भीती वाटली, खरे सांगते. मग तो म्हणाला, “आत्या, एक लाख गेले असं समजू. अठ्ठावीस लाख वाचले.”

अशा बांधकामात केवळ पैसाच जातो असेही नाही. विरार पूर्वेच्या विजयनगरात २०१२ साली बांधलेली रमाबाई अपार्टमेंट नावाची परवानगी नसलेली इमारत ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळली आणि सतरा जण गेले. एका घरात लेकराचा वाढदिवस चालू होता. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडून चौऱ्याहत्तर माणसे मेली. जो परवानगी चुकवतो तो सिमेंटही चुकवतो.

आता इसाराविषयी. आपल्या वाडवडिलांचा ‘इसार’ म्हणजेच आजचे टोकन. नव्या इमारतीत, करारनाम्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. १९६३ च्या जुन्या कायद्यात ही मर्यादा वीस टक्के होती, त्यामुळे जुनी मंडळी अजून वीस सांगतात. पण जुना, वापरलेला फ्लॅट मालकाकडून घेताना ही मर्यादाही नसते. तिथे तुमचे रक्षण तुमची पावती करते, दुसरे कोणी नाही. म्हणून पावतीचा मजकूर आपणच लिहून न्यावा. भाचीला मी जो लिहून दिला तो इथे देते, कापून पाकिटात ठेवला तरी चालेल :

‘अमुक इमारतीतील अमुक मजल्यावरील सदनिका क्रमांक अमुक ही रु. अमुक या ठरलेल्या किमतीस देण्याघेण्याबाबत इसार म्हणून रु. अमुक चेकने मिळाले. मालकी, बांधकाम परवाना किंवा भोगवटा यांच्या कागदपत्रांत दोष निघाल्यास, अथवा कागदपत्रांच्या कारणावरून बँकेने कर्ज नाकारल्यास, ही संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल. दिनांक अमुकपर्यंत ही सदनिका दुसऱ्या कोणास विकली जाणार नाही व किंमत वाढवली जाणार नाही.’

खाली मालकाची सही, पूर्ण नाव, पत्ता आणि दोन साक्षीदार. सही मालकाचीच हवी, दलालाची चालणार नाही. रोख तर मुळीच नको. ही तीन वाक्ये लिहून द्यायला जो तयार नाही त्याला इसार देऊ नये, मग खाली तीन पार्ट्या उभ्या असोत की तेरा. आणि नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून “घर तुमच्या नावावर झाले” असे कोणी सांगितले तर ऐकू नका. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी झालेले खरेदीखत किंवा करारनामा नसेल, तर घर नावावर झालेले नाही.

बँकेविषयी आपल्या मनात अढी असते. काउंटरवरची माणसे आपल्याशी कशी बोलतात, हे काही नवे नाही. पण घराच्या बाबतीत बँकेचा नकार हा अपमान समजू नये. बँकेचा वकील मागच्या तीस वर्षांचे व्यवहार तपासतो, कारण त्यांचा स्वतःचा पैसा गुंतायचा असतो. त्या वकिलाने नाही म्हटले आणि बिल्डर म्हणाला की “ती बँक सोडा, आमची पतसंस्था आहे, जास्त व्याजाने देते”, तर तिथूनच परत फिरावे. एका बँकेने नाकारले तर कारण लेखी मागावे. पगारामुळे नाकारले असेल तर दुसरीकडे प्रयत्न करता येतो. कागदामुळे नाकारले असेल तर घरच बदलायचे.

पैशांचा अंदाजही घाईत चुकतो. तीस लाखांचा फ्लॅट धरा. बँक फार तर नव्वद टक्के देईल, म्हणजे तीन लाख तुमचे. मुद्रांक शुल्क जागेप्रमाणे सहा-सात टक्के, दोन लाखांच्या आसपास. नोंदणी फी तीस हजार. दलाली, वकील, सोसायटीचे हस्तांतरण, सामानाचा टेम्पो. सहा लाख हातात असल्याशिवाय तीस लाखांच्या घराच्या दारात उभे राहता येत नाही. जाहिरातीत दिसतो तो फक्त हप्ता. हप्त्याचे सांगायचे तर सत्तावीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर महिना सुमारे साडेतेवीस हजार, आणि वीस वर्षांत छप्पन लाखांहून जास्त फेड होते. व्याज एका टक्क्याने चढले की हप्ता सतराशेने वाढतो. इमारत अर्धवट असेल तर हे सगळे भरत असताना चालू खोलीचे भाडेही थांबत नाही. दोन वर्षांचे सांगून पाच वर्षे लावली तर संसार कुठल्या कुठे जातो, हे मी आमच्या शेजारी पाहिले आहे. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क रेरा कायदा देतो खरा, पण हक्क मिळेपर्यंत भाडे कोण भरणार?

यात बायकांसाठी एक गोष्ट. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, तीस लाखांवर तीस हजार रुपये. “माझ्या नावावर कशाला” असे म्हणणाऱ्या भगिनींनी निदान या तीस हजारांसाठी तरी नवऱ्याशी बोलावे. नंतरचे फायदे आपोआप कळतात.

म्हाडाबद्दलही विचारणा होते. म्हाडाचे घर सोडतीत निघते, आणि म्हाडाने कोणीही दलाल नेमलेला नाही. “साहेबांशी सेटिंग आहे, दोन लाख द्या” म्हणणारा माणूस विहाराच्या दारात येऊन उभा राहिला तरी त्याला चहासुद्धा पाजू नये. अर्ज स्वतः भरावा, नंबर लागला नाही तर पुन्हा भरावा. उशीर होतो हे कबूल. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या माणसांनी किती वाट पाहिली! चाळी १९२० च्या दशकातल्या, आणि पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये.

आता भाचीच्या लाखाचे काय झाले, ते विचाराल. जावयाने दलालाला पालिकेतल्या नोंदीचा फोटो दाखवला आणि पोलिसांत लेखी तक्रार देतो म्हटले. वहीच्या पानावरची सही आपली नव्हेच, असे दलाल आधी म्हणाला. मग जावयाच्या युनियनमधले चार जण बरोबर गेले, तेव्हा सही त्याला आठवली. तीस हजार एकदा, तीस हजार एकदा असे साठ हजार आले. पतपेढीचे तेवढे फिटले. चाळीस हजार अजून यायचे आहेत. दर शनिवारी जावई फोन करतो, दर शनिवारी “पुढच्या आठवड्यात” असे उत्तर येते. बांगड्या मात्र गेल्या.

भाड्याच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार मार्चमध्ये संपतो आहे आणि मालकाने दोन हजार वाढवून मागितले आहेत. भाची हरलेली नाही. परवा रात्री तिचा फोन आला. अंबरनाथला दुसऱ्या मजल्यावर एक वन रूम किचन आहे, जुनी सोसायटी, ओसी आहे म्हणतात.

“दलाल म्हणत होता, ताई, रविवारपर्यंत राहणार नाही.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, राहिला तर बघू. आधी मंजूर नकाशाची झेरॉक्स पाठवा. आत्या, तू येशील ना रविवारी?”

नकाशा अजून आलेला नाही. आला तर रविवारी सकाळी कल्याणला गाडी बदलून आम्ही जाणार आहोत.